परकीय गुप्तचर संस्थेत पदवीधराने नेमके काय करायचे असते?

इतिहासात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि दोन वर्षांपासून रशियन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे, की परदेशांविषयी गुप्त माहिती मिळवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत पदवीधराला खरोखर कोणते काम मिळते, निवड कशी होते, इतिहासाची पदवी तेथे कमी पडते का, आणि अशा नोकरीत घरसंसार टिकतो का. या क्षेत्रात मी आधी विश्लेषक म्हणून आणि पुढे नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्यांपैकी एक म्हणून बरीच वर्षे काढली. कोठे, हे सांगण्याची मला मुभा नाही आणि या उत्तरासाठी त्याची गरजही नाही. पुढे जे लिहितो आहे ते जाहीर असलेल्या माहितीवर आणि कोणत्याही देशातील अशा कार्यालयाला थोड्याफार फरकाने लागू पडणाऱ्या अनुभवावर आधारलेले आहे.

पहिला गैरसमज शब्दाचाच आहे. आपण ज्याला सर्रास एजंट म्हणतो तो संस्थेचा नोकर नसतो. परक्या देशातील ज्या व्यक्तीला तेथील सरकारची, लष्कराची किंवा एखाद्या प्रकल्पाची आतली माहिती असते आणि जी ती माहिती गुपचूप द्यायला तयार होते, ती व्यक्ती म्हणजे एजंट. पदवीधर नोकरीला लागतो तो अधिकारी म्हणून. अशी व्यक्ती शोधणे, तिचा विश्वास मिळवणे, तिला जपणे आणि तिने सांगितलेल्या गोष्टीचे मोल ठरवणे हे अधिकाऱ्याचे काम. हा फरक केवळ परिभाषेचा नाही. दूतावासात नेमणूक असलेला अधिकारी पकडला गेला, तर १९६१च्या व्हिएन्ना करारानुसार यजमान देश त्याला अस्वीकार्य ठरवतो आणि तो मायदेशी परततो. एजंट मात्र आपल्याच देशाच्या कायद्याच्या तावडीत सापडतो. सोव्हिएत लष्करी गुप्तचर विभागातील कर्नल ओलेग पेन्कोव्स्की यांनी ब्रिटन आणि अमेरिकेला क्षेपणास्त्रांविषयीची माहिती पुरवली. १९६३मध्ये त्यांना मृत्युदंड मिळाला आणि या प्रकरणात नाव आलेले परदेशी राजनैतिक अधिकारी देशाबाहेर गेले. आपल्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाने एवढा धोका पत्करणे तुमच्या मनाला पटते का, याचा विचार अर्ज करण्यापूर्वी करावा. मुलाखतीत हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतोच, आणि त्याचे पाठ केलेले उत्तर लगेच ओळखू येते.

आता कामाविषयी. परदेशात राहून माणसे जोडणारे अधिकारी संख्येने थोडे असतात. त्यांच्यामागे मुख्यालयात बसणाऱ्यांची मोठी फौज असते. कोणत्या देशातील कोणत्या माणसाकडे हवी ती माहिती असू शकेल, हे कागदपत्रांतून आणि विदेतून, म्हणजे डेटातून, हुडकणारे काही जण असतात. परदेशातून आलेला मजकूर तपासून, स्रोताची ओळख उघड होणार नाही अशा रीतीने त्याचा अहवाल करणारे वेगळे असतात. भाषातज्ज्ञ, अभियंते, विदातज्ज्ञ, कायदा सल्लागार, हिशेबनीस हेही असतातच, आणि त्यांच्यावाचून एकही मोहीम उभी राहत नाही. पदवीधराची पहिली दोन-तीन वर्षे बहुधा यांपैकी एखाद्या मेजावर जातात. तेथे वाचायचे असते, लिहायचे असते, जुन्या नस्त्या चाळायच्या असतात आणि पुन्हा लिहायचे असते. ज्याला लेखनाचा कंटाळा आहे त्याने या वाटेला न जाणे बरे.

अर्ज करताना अनेक जण चुकतात ती एक गोष्ट येथेच सांगतो. माहिती गोळा करणे आणि गोळा झालेल्या सर्व माहितीचा एकत्रित अर्थ लावून सरकारला अंदाज देणे, ही दोन कामे सगळीकडे एकाच छपराखाली होत नाहीत. १९४७च्या कायद्याने स्थापन झालेल्या अमेरिकेच्या सीआयएमध्ये हेरगिरी करणारा आणि विश्लेषण करणारा असे दोन्ही विभाग आहेत. ब्रिटनमध्ये एमआय सिक्स या नावाने ओळखली जाणारी सिक्रेट इंटेलिजन्स सर्व्हिस प्रामुख्याने माहिती मिळवते. सर्व स्रोतांचा मेळ घालून अंतिम अंदाज ठरतो तो १९३६मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त गुप्तवार्ता समितीकडे आणि तिच्यासाठी काम करणाऱ्या मंत्रिमंडळ कार्यालयातील विश्लेषकांकडे. ऑस्ट्रेलियातही एएसआयएस ही संस्था माहिती गोळा करते आणि मूल्यमापनाचे काम २०१८मध्ये स्थापन झालेल्या वेगळ्या राष्ट्रीय कार्यालयाकडे आहे. म्हणजे ज्याला विश्लेषणाची ओढ आहे त्याने नावाच्या वलयाकडे पाहून दार ठोठावले, तर ते दार चुकीचे निघण्याचा संभव आहे.

विश्लेषणाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तुमच्या शिक्षणाशी त्याचे नाते सर्वांत जवळचे आहे आणि मलाही तेच काम सर्वांत जास्त ठाऊक आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक चार पानी टिपण मोठ्या अभिमानाने वरिष्ठांकडे दिले. ते परत आले तेव्हा त्यातील ‘निश्चितच’ हा शब्द तीन ठिकाणी खोडलेला होता आणि प्रत्येक वेळी समासात एकच प्रश्न लिहिला होता: कशावरून? दोन ठिकाणी मला आधार दाखवता आला. तिसऱ्या ठिकाणी आधार म्हणून मी ज्या दोन अहवालांकडे बोट दाखवले, ते दोन्ही एकाच माणसाच्या बोलण्यातून आलेले निघाले. दोन साक्षीदार आहेत असे समजून मी एकाचीच साक्ष दोनदा मोजली होती. त्या दिवशी जी शरम वाटली तिच्याइतके उपयुक्त प्रशिक्षण मला पुढे कोणी दिले नाही.

ही अडचण माझ्या एकट्याची नव्हती, हे नंतर वाचनात आले. सीआयएमध्ये राष्ट्रीय अंदाज तयार करणाऱ्या मंडळाचे दीर्घकाळ प्रमुख असलेले शर्मन केंट हे मूळचे येल विद्यापीठातील इतिहासाचे प्राध्यापक. १९५१मध्ये त्यांच्या मंडळाने युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाचे आक्रमण होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असे लिहिले. परराष्ट्र खात्यातील एका अधिकाऱ्याने सहज विचारले, की म्हणजे नेमकी किती. केंट यांच्या मनात शंभरात पासष्टच्या आसपास होते. विचारणाऱ्याने त्या शब्दांवरून शक्यता याहून बरीच कमी धरली होती. मग केंट यांनी त्या मसुद्यावर सहमत झालेल्या सहकाऱ्यांना एकेक करून विचारले, तेव्हा कोणाच्या मनात वीस टक्के निघाले, तर कोणाच्या मनात ऐंशी. सर्वांनी एकाच वाक्याला होकार दिला होता आणि प्रत्येकाने वेगळ्या गोष्टीला होकार दिला होता. आज अमेरिकेतील विश्लेषकांसाठी २०१५चा निर्देश आहे, त्यात ‘संभाव्य’ या अर्थाचा शब्द ५५ ते ८० टक्क्यांसाठी, ‘अत्यंत संभाव्य’ हा ८० ते ९५ टक्क्यांसाठी, असे पट्टे आखून दिलेले आहेत. त्याच निर्देशात आणखी एक बारीक सूचना आहे: घटना घडण्याची शक्यता आणि आपल्या आधाराविषयीचा आपला विश्वास या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात घालू नयेत. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता मोठी आहे असे मला वाटू शकते आणि तरीही माझा आधार तुटपुंजा असू शकतो. वाचणाऱ्या मंत्र्याला हे दोन्ही वेगवेगळे कळले पाहिजे.

हा काटेकोरपणा सुटला की काय होते, याचे सर्वांत महागडे उदाहरण इराकचे आहे. ‘कर्व्हबॉल’ हे सांकेतिक नाव मिळालेला एक इराकी रसायन अभियंता १९९९मध्ये जर्मनीत आश्रयाला आला आणि वाहनांवर बसवलेल्या जैविक शस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळांविषयी त्याने तेथील बीएनडी या गुप्तचर संस्थेला सांगितले. सीआयएला त्याची थेट चौकशी करता आली ती २००३चे इराक युद्ध झाल्यानंतर. पण त्याची गोष्ट फेब्रुवारी २००३मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत मांडलेल्या युक्तिवादाचा भाग झाली. २०११मध्ये आपण ती गोष्ट रचली होती असे त्याने स्वतःच जाहीर केले. स्रोत खोटे बोलतात यात नवल नाही. पैसा, राग, आश्रयाची गरज, स्वतःचे महत्त्व वाढवण्याची हौस अशी कारणे कायमचीच आहेत. नवल याचे, की त्याच्याविषयीच्या शंका काही जणांनी वेळेवर बोलून दाखवल्या होत्या आणि त्या शेवटच्या मसुद्यापर्यंत पोहोचल्या नाहीत. वरिष्ठांना नको असलेली शंका नीट, नम्रपणे, पण न वगळता लिहिता येणे, हे कौशल्य मुलाखतीत मी सर्वांत आधी शोधत असे.

तेव्हा इतिहासाची पदवी कमी पडत नाही. साधन-चिकित्सा, म्हणजे कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, लिहिणाऱ्याला ते कसे कळले आणि त्याने काय गाळले, हे विचारण्याची सवय तुम्हाला अभ्यासक्रमाने लावलेली आहे. भारताच्या रॉचे पहिले प्रमुख रामेश्वर नाथ काव यांचे पदव्युत्तर शिक्षण इंग्रजी साहित्यातील होते. १ ऑक्टोबर २०२५ रोजी एमआय सिक्सच्या पहिल्या महिला प्रमुख झालेल्या ब्लेझ मेट्रेवेली यांनी मानववंशशास्त्र शिकून १९९९मध्ये त्या संस्थेत प्रवेश केला आणि प्रमुखपदापूर्वी तेथील तंत्रज्ञान विभाग सांभाळला. तंत्रज्ञानाची मात्र तोंडओळख हवी, कारण चेहरा ओळखणारे कॅमेरे आणि प्रत्येकाचा मागे उरणारा डिजिटल माग यांमुळे खोट्या ओळखीने प्रवास करणे पूर्वीसारखे राहिलेले नाही, आणि या अडचणीवर उपाय शोधणारे अभियंते आज सगळ्याच संस्थांना हवे आहेत.

भाषेच्या बाबतीत तुम्ही योग्य वाटेवर आहात, पण अंतर लक्षात ठेवा. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेच्या हिशेबाने इंग्रजी भाषकाला रशियनमध्ये कामापुरते प्रावीण्य येण्यासाठी सुमारे १,१०० तास वर्गात घालवावे लागतात. अरबी, चिनी, जपानी, कोरियन यांसाठी सुमारे २,२००. वर्तमानपत्र वाचता येणे ही सुरुवात झाली. दोन माणसे घाईत, अर्धवट वाक्यांत, एकमेकांची थट्टा करत बोलत असताना त्यांतला कोण घाबरलेला आहे हे कळणे, ही खरी गरज असते.

निवडीची जुनी पद्धत ओळखीपाळखीची होती. ब्रिटनमध्ये विद्यापीठातला एखादा प्राध्यापक विद्यार्थ्याला बाजूला घेऊन सूचक विचारणा करी आणि घराण्याची माहिती हीच पडताळणी मानली जाई. किम फिल्बी १९४०मध्ये अशाच वर्तुळातून एमआय सिक्समध्ये शिरला, तेव्हा तो आधीपासूनच सोव्हिएत संघाचा हेर होता. १९६३मध्ये तो मॉस्कोला पळाला. ज्या एमआय सिक्सचे अस्तित्व कायद्याने १९९४मध्ये मान्य केले गेले, तिने २००६मध्ये वर्तमानपत्रात उघड जाहिरात दिली. आता बहुतेक लोकशाही देशांत अर्ज संकेतस्थळावरून होतो, त्यानंतर आकलन आणि निर्णयक्षमतेच्या चाचण्या, गटात सोडवायचे प्रसंग, लेखनाची परीक्षा आणि एकाहून अधिक मुलाखती असा क्रम असतो. अर्ज केल्याचे कोणाला सांगू नये, अशी सूचना सुरुवातीलाच दिलेली असते. ती गांभीर्याने घ्यावी, कारण मित्रमंडळींत केलेली फुशारकी पुढे आयुष्यभर अडचणीची ठरते.

यानंतरचा टप्पा पार्श्वभूमी पडताळणीचा, आणि उमेदवार सर्वाधिक घाबरतात तो याला. तुमचे शेजारी, शिक्षक, जुने सहकारी यांच्याशी बोलणे होते. बँकेची खाती, कर्जे, परदेश प्रवास, परदेशी नातलग आणि मित्र, मद्य आणि अमली पदार्थ, समाजमाध्यमांवरील जुने लेखन हे सारे पाहिले जाते. सीआयएमध्ये पॉलिग्राफ, म्हणजे खोटे पकडण्यासाठीची यंत्राची चाचणीही होते, पण तिच्यावर किती भिस्त ठेवावी याविषयी अनुभवी लोकांत एकमत नाही. सीआयएचाच अधिकारी ऑल्ड्रिच एम्स १९८५पासून सोव्हिएत संघाला माहिती विकत होता आणि दरम्यान त्याने अशी चाचणी दोनदा पार केली. १९९४मध्ये अटक होण्यापूर्वी त्याने पाच लाख डॉलरहून अधिक किमतीचे घर रोखीने घेतले होते. घटस्फोट आणि कर्ज यांनी तो या वाटेला लागला, म्हणून आज पैशाविषयीचे प्रश्न इतके खोलात जाऊन विचारले जातात. कर्ज असणे हा दोष नाही. ते लपवणे हा आहे. मी पाहिलेल्या नकारांपैकी अनेक मूळ गोष्टीमुळे आलेले नव्हते. महाविद्यालयातली एखादी चूक कोणी सरळ सांगितली असती तर ती विसरली गेली असती. ती दडवली, तपासात उघड झाली आणि मग प्रश्न त्या चुकीपुरता न राहता विश्वासाचा झाला.

नागरिकत्वाची अट सर्वत्र कडक असते. प्रत्येक संस्था आपल्याच देशाच्या नागरिकांना घेते. भारतीय पदवीधरासाठी याचा अर्थ रॉ, आणि तेथील वाट इतर देशांसारखी सरळ जाहिरातीची नाही. १९६२ आणि १९६५च्या युद्धांत परकीय माहितीची उणीव जाणवल्यानंतर २१ सप्टेंबर १९६८ रोजी ती इंटेलिजन्स ब्युरोपासून वेगळी करण्यात आली. ती मंत्रिमंडळ सचिवालयाच्या अखत्यारीत येते. भारतीय पोलीस सेवा व अन्य सेवांतून प्रतिनियुक्तीवर येणारे अधिकारी, तिचा स्वतःचा संवर्ग आणि तांत्रिक पदांसाठी ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर सचिवालयाने केलेली भरती, अशा या वाटा आहेत. वर्तमानपत्रांत दिसणारी सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी पदाची परीक्षा इंटेलिजन्स ब्युरोची, म्हणजे गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील देशांतर्गत संस्थेची आहे; ती देऊन रॉमध्ये प्रवेश मिळेल या समजुतीत अनेकांची वर्षे जातात.

तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना यात आणखी एक धोका आहे. परराष्ट्र धोरणात रस असलेला, भाषा येणारा आणि नोकरीच्या शोधातला तरुण परक्या संस्थांनाही हवा असतो. व्यावसायिक संपर्कस्थळावर एखादी सल्लागार कंपनी तुमच्या लेखाचे कौतुक करते, साध्या विषयावरच्या टिपणाचे घसघशीत मानधन देते, पुढच्या वेळी ‘थोडी आतली माहिती’ मागते. सिंगापूरचा संशोधक विद्यार्थी डिक्सन येओ याने चीनच्या गुप्तचरांसाठी अशीच बनावट सल्लागार कंपनी दाखवून जाहिरात दिली आणि त्याच्याकडे चारशेहून अधिक अर्ज आले. २०२०मध्ये त्याने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. आणि प्रवेशासाठी शुल्क किंवा अनामत मागणारी ‘गुप्तचर भरती’ ही निव्वळ फसवणूक असते.

घरसंसाराविषयी विचारलेत, म्हणून स्पष्ट सांगतो. जोडीदाराला तुम्ही काय करता हे बहुधा ढोबळमानाने ठाऊक असते. आईवडिलांना आणि मित्रांना मंत्रालयातली एखादी नीरस नोकरी सांगितलेली असते आणि ती इतकी नीरस असते, की कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. फोन कार्यालयाबाहेर ठेवायचा, कागद घरी न्यायचा नाही, दिवस कसा गेला हे जेवताना सांगायचे नाही. परदेशातील नेमणूक एका दिवसात संपू शकते. २०१८मध्ये इंग्लंडमधील सॉल्सबरी येथे रशियाचे माजी गुप्तचर अधिकारी सर्गेई स्क्रिपल यांच्यावर झालेल्या विषप्रयोगानंतर अमेरिकेने साठ रशियन अधिकाऱ्यांना सात दिवसांत देश सोडायला सांगितले. त्या प्रत्येकाच्या घरी शाळेत जाणारी मुले, भाड्याचे घर आणि अर्धवट आवराआवर असणार. संसार टिकतात, बरेच चांगले टिकतात, पण ज्या घरांत न बोलण्याचा अर्थ आधीच नीट बोलून ठरलेला असतो तीच टिकतात असे मी पाहिले आहे.

कामाचे फळही बहुधा तुमच्या डोळ्यांपुढे येत नाही. केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेतील अधिकारी ओलेग गोर्डिएव्हस्की १९७४ ते १९८५ अशी अकरा वर्षे ब्रिटनसाठी काम करत होते. त्यांना मॉस्कोतून बाहेर काढण्याची योजना मुख्यालयातील एका अधिकारी महिलेने आधीच आखून ठेवली होती आणि ती लागू असताना तेथील ब्रिटिश अधिकारी वर्षानुवर्षे दर आठवड्याला ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागेवरून जात, तेथे कोणी विशिष्ट खूण घेऊन उभे आहे का ते पाहण्यासाठी. जवळजवळ प्रत्येक वेळी तेथे कोणी नसे. जुलै १९८५मध्ये ते उभे दिसले आणि मोटारीच्या मागच्या भागात लपवून त्यांना फिनलंडमध्ये नेण्यात आले. ही गोष्ट सांगताना लोक मोटारीचा प्रसंग रंगवतात. मला मात्र अगोदरच्या त्या शेकडो रिकाम्या फेऱ्या आठवतात, कारण त्या मारणाऱ्यांपैकी बहुतेकांची बदली खूण दिसण्यापूर्वीच झालेली होती.

निवृत्तीनंतरही बंधने सुटत नाहीत. सीआयएचे माजी अधिकारी फ्रँक स्नेप यांनी परवानगी न घेता पुस्तक छापले, तेव्हा १९८०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे सारे उत्पन्न सरकारजमा करण्याचा निर्णय कायम केला. भारतातही अशा संस्थांतील निवृत्तांना संस्थेच्या विषयावर लिहिण्यापूर्वी अनुमती घ्यावी लागते. नोकरी बदलतानाची अडचण त्याहून रोजची आहे: दहा वर्षांच्या कामाचे वर्णन दोन मोघम ओळींत करावे लागते.

शेवटी वेळापत्रक. अर्जापासून रुजू होण्यापर्यंत अनेक महिने जातात, काही ठिकाणी वर्षाहून अधिक, आणि नकार आला तर कारण सहसा कळवले जात नाही. म्हणून अर्ज करून वाट पाहत बसू नका. प्रबंध पूर्ण करा, रशियन चालू ठेवा, परराष्ट्र सेवा, संशोधन संस्था, वृत्तसंस्थांचे परदेश विभाग येथेही अर्ज करा. तेथे घालवलेली चार-पाच वर्षे वाया जात नाहीत. मी ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांच्यातील बरेच चांगले उमेदवार तिशीच्या आसपासचे होते, आणि दुसऱ्या एखाद्या कामात आपले म्हणणे चुकल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.